दोन डोळ्यांची मोजणी : गडचांदूरचा चुनखडीचा पट्टा आणि त्रिमितिदर्शनाचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, एका अंगाला वर्धा-पैनगंगेचे खोरे आणि दुसऱ्या अंगाला माणिकगडाचे डोंगर यांच्या मधल्या पट्टीत वसलेले गडचांदूर आज सिमेंटचे गाव म्हणून ओळखले जाते; परंतु ज्या चुनखडीवर हे सिमेंट उभे आहे ती वरून चालणाऱ्याच्या नजरेस क्वचितच पडते, कारण काळ्या मातीच्या आणि काही ठिकाणी बेसॉल्टच्या थराखाली ती पसरलेली आहे. भूशास्त्रज्ञ या खडकाची गणना पैनगंगा गटात करतात आणि वर्धेच्या खोऱ्यातील गोंडवाना काळाच्या कोळशाहून तो कित्येक कोटी वर्षांनी जुना मानतात. जेथे संपत्ती अशी झाकलेली असते, तेथे जमिनीचा उंचसखलपणा, थरांचा कल आणि उकरायच्या खड्ड्याची खोली आधी कोणाला तरी दिसावी लागते, आणि मगच पहारीचा किंवा यंत्राचा घाव पडतो. गेल्या दहा वर्षांत अभियंते, वैमानिक, शल्यविशारद आणि प्रशिक्षक यांच्यासाठी नव्याने तयार होऊ लागलेल्या महागड्या आभासी वास्तव हेडसेटांचा, म्हणजे डोक्यावर चढवून प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र चित्र धरणाऱ्या उपकरणांचा इतिहास सहसा खेळण्याच्या पडद्यापासून सांगितला जातो. गडचांदूरसारख्या ठिकाणाहून पाहिले असता तो मोजणीच्या यंत्रापासून सांगणे अधिक योग्य वाटते, आणि त्या इतिहासात हे यंत्र किती सुधारले यापेक्षा ते कोणाकोणाच्या डोळ्यांसमोर धरले गेले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

राजुरा तालुक्याचा हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो मराठी भाषकांच्या बाजूस आला, काही काळ नांदेड जिल्ह्यात राहिला आणि १९५९मध्ये तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यास जोडला गेला. या मुलखाजवळून झालेली पहिली मोठी शास्त्रीय मोजणी म्हणजे विल्यम लॅम्बटनने दक्षिणेकडून उत्तरेकडे नेलेली त्रिकोणमितीय साखळी होय. टेकडीवर ठेवलेल्या थिओडोलाइटने, म्हणजे आडवे आणि उभे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने, दोन दूरच्या खुणांमधील कोन मोजायचा आणि एका ज्ञात अंतरावरून बाकीची अंतरे गणिताने काढायची, अशी ती पद्धत होती. हे काम चालू असतानाच जानेवारी १८२३मध्ये लॅम्बटन आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला मरण पावला. या पद्धतीत दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच खूण पाहिल्याने तिचे अंतर कळते हे तत्त्व आहे, आणि मनुष्याचे दोन डोळेही, जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावरून, नेमके हेच करीत असतात. फरक इतकाच की डोळ्यांचे गणित मेंदू न विचारता करतो. मोजणीखात्याच्या कागदावर मात्र या साऱ्या खटाटोपातून सपाट नकाशाच उतरत असे, आणि डोंगर दाखवायला रेघोट्यांचा किंवा समोच्चरेषांचा, म्हणजे समान उंचीची स्थळे जोडणाऱ्या रेषांचा आधार घ्यावा लागे.

डोळ्यांचे हे गणित यंत्रात उतरवण्याचे श्रेय चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जाते. एकाच वस्तूची डाव्या आणि उजव्या डोळ्याला दिसणारी दोन चित्रे किंचित वेगळी असतात, आणि ती दोन आरशांच्या साहाय्याने त्या त्या डोळ्यापुढे धरली तर कागदावरची रेघ उठून घन आकारासारखी दिसते, हे त्याने १८३८मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. छायाचित्रणाची कला तेव्हा अद्याप जाहीर व्हायची होती, त्यामुळे व्हीटस्टनला हाताने काढलेल्या भूमितीच्या आकृत्यांवरच आपला सिद्धान्त दाखवावा लागला. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगे वापरून सुटसुटीत पेटी केली, ती १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात गाजली, आणि १८६१मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन वैद्याने हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप, म्हणजे अशी जोडचित्रे घनरूपात दाखवणारे यंत्र, तयार केला. त्यानंतर हे यंत्र घराघरांतील दिवाणखान्यात गेले. जेम्स रिकाल्टन या छायाचित्रकाराने मुंबईपासून हिमालयापर्यंत काढलेली हिंदुस्थानची जोडचित्रे अमेरिकेत संच करून विकली गेली आणि घरबसल्या देश पाहिल्याचे समाधान लोकांना मिळाले. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये फिरणारा, भोकाला डोळा लावून पाहायचा चित्रपेटीवाला हा या परंपरेचा भाग वाटतो, पण त्याच्या पेटीत चित्र एकच असे आणि ते सपाटच दिसे. नंतरच्या पिढीतील मुलांच्या हाती आलेले व्ह्यू-मास्टर हे जोडचित्रांचे खेळणे मात्र होम्सचे खरे वारसदार होते. करमणुकीची ही शाखा मोठी असली तरी या लेखाच्या दृष्टीने ती आडवाट आहे.

मुख्य वाट गेली ती मोजणीकडे. येना येथील झाइस कारखान्यातील कार्ल पुलफ्रिश याने विसाव्या शतकाच्या आरंभी स्टिरिओकम्पॅरेटर नावाचे यंत्र बनवले. त्यात जोडचित्रे पाहताना दोन्ही भिंगांतील दोन बारीक खुणा एकरूप होऊन एक तरंगता ठिपका दिसतो, आणि तो ठिपका चित्रातील जमिनीवर टेकेपर्यंत चाक फिरवले की त्या जागेची उंची मोजपट्टीवर वाचता येते. दृष्टीचा भास हाच येथे मोजमापाचा काटा झाला. पुलफ्रिशचा स्वतःचा एक डोळा पुढे निकामी झाला, आणि दोन डोळ्यांच्या दृष्टीविषयीचा जो परिणाम आज त्याच्या नावाने ओळखला जातो तो त्याला स्वतःला कधी पाहता आला नाही, ही शास्त्राच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. विमान आल्यावर या यंत्राला खरे काम मिळाले. विमानातून सरळ रांगेत छायाचित्रे घेताना प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या सुमारे ६० टक्के भागावर चढेल अशी योजना केली, तर जमिनीचा प्रत्येक तुकडा किमान दोन ठिकाणांहून टिपला जातो, आणि विमानाने लागोपाठची दोन चित्रे टिपलेल्या जागांमधील अंतर हे जणू एका अजस्र प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतर ठरते. म्हणूनच स्टिरिओस्कोपखाली पाहिलेल्या हवाई चित्रात टेकड्या प्रत्यक्षापेक्षा उंच आणि नाले अधिक खोल दिसतात. नवशिक्यास हा दोष वाटतो, पण अनुभवी वाचकाला थरांचा बारीक कल आणि झाडांच्या उंचीतील फरक याच अतिशयोक्तीमुळे ओळखता येतो.

ब्रिटिश साम्राज्यातील जंगलखात्याने हे तंत्र लवकर उचलले. १९२४मध्ये ब्रह्मदेशातील इरावतीच्या मुखप्रदेशातील जंगलांची विमानातून पाहणी झाली, जी हवाई वनमोजणीच्या आरंभीच्या प्रयोगांत गणली जाते. स्वतंत्र भारतात १९६५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने वनसंपत्तीची गुंतवणूकपूर्व पाहणी सुरू झाली, म्हणजे लाकडावर आणि बांबूवर चालणारे कारखाने उभारण्यापूर्वी कच्चा माल किती आहे हे ठरवण्याची पाहणी. तिचेच रूपांतर १९८१मध्ये भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेत झाले. हवाई चित्रे वाचणारी माणसे घडवण्यासाठी डेहराडूनला नेदरलँड्सच्या सहकार्याने १९६६मध्ये स्वतंत्र संस्था निघाली, जी आज भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते. चांद्याचा साग आणि बांबू तोवर रेल्वेच्या आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या हिशोबात बसलेले होते, आणि अशा जंगलांचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर घडीचा खिशातला स्टिरिओस्कोप ही नेहमीची वस्तू झाली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जंगलात पायी हिंडणारा वनरक्षक, पायवाटांची खडानखडा माहिती असलेला गोंड किंवा कोलाम माणूस, आणि टेबलावर दोन चित्रे जुळवून तेच जंगल उठावदार पाहणारा अधिकारी, यांपैकी निर्णयाचा अधिकार तिसऱ्याकडे होता. नव्या साधनाने त्याला फिरण्याच्या कष्टातून बरेचसे मोकळे केले आणि पहिल्या दोघांच्या माहितीचे मोल त्या प्रमाणात उतरले. भूशास्त्रातही हेच घडले. खडकांच्या सीमारेषा आधी जोडचित्रांवर आखून मग जागेवर तपासण्याची रीत पडली.

हेडसेट या साऱ्यात कोठे बसतो हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते. मॉर्टन हाइलिग या चित्रपटकाराने १९६०च्या सुमारास तोंडावर बांधायच्या जोडचित्राच्या मुखवट्याचे पेटंट घेतले होते, परंतु पाहणाऱ्याने मान वळवली तरी त्याच्यापुढचे चित्र वळत नसे. ही उणीव आयव्हन सदरलंडने १९६८मध्ये दूर केली. त्याच्या यंत्रात डोक्याची हालचाल मोजणारी दांडी छताला जोडलेली होती, संगणक त्या हालचालीनुसार तारांच्या सांगाड्यासारखी साधी आकृती क्षणोक्षणी नव्याने रेखाटत असे, आणि डोक्यावर लटकणाऱ्या त्या अवजड यंत्रणेला ग्रीक कथेतील डॅमोक्लीसच्या तलवारीचे नाव मिळाले. व्हीटस्टनच्या यंत्रात आणि यात मूलभूत फरक एकच आहे, तो म्हणजे चित्र आता पाहणाऱ्याच्या मानेशी बांधले गेले. पुढे टॉमस फर्नेसने अमेरिकन हवाई दलात वैमानिकांसाठी शिरस्त्राणातील दृश्यव्यवस्था विकसित केली, नासाच्या एम्स केंद्रात १९८०च्या दशकात प्रयोग झाले, आणि जॅरन लेनियरच्या कंपनीने त्याच दशकाच्या अखेरीस हेडसेट विकायला काढले, जे संस्थांनाच परवडण्याजोगे होते. म्हणजे व्यावसायिक वापर हा या उपकरणाचा आरंभ आहे. घरगुती खेळ ही नंतरची फांदी असून ती मोबाइलचे पडदे स्वस्त झाल्यावर, २०१२मध्ये ऑक्युलस या हेडसेट कंपनीच्या लोकवर्गणीनंतर आणि २०१४मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतल्यानंतर बहरली.

घरगुती हेडसेट व्यवसायाला अपुरे पडले ते प्रामुख्याने सूक्ष्मतेत. निकोप डोळ्याला दृष्टिक्षेत्राच्या प्रत्येक अंशात सुमारे ६० वेगवेगळे ठिपके ओळखता येतात असे मानले जाते, तर २०१६मध्ये बाजारात आलेल्या हेडसेटांत ही संख्या दहा-बाराच्या घरात होती, त्यामुळे दृश्य जाळीच्या पडद्याआडून पाहिल्यासारखे भासे आणि यंत्राच्या तबकडीवरचा आकडा वाचता येत नसे. फिनलंडमधील वार्यो या २०१६मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने २०१९मध्ये काढलेल्या हेडसेटात नजरेच्या मध्यभागापुरता अतिसूक्ष्म पडदा बसवून ही मर्यादा गाठली. त्याची किंमत सुमारे सहा हजार डॉलर होती आणि तो वैयक्तिक ग्राहकांस विकलाच जात नव्हता. मोटारींचे आराखडे तपासणारे अभियंते आणि अंतराळवीरांचे प्रशिक्षक हे त्याचे गिऱ्हाईक झाले. ॲपलने फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरना विकायला काढलेला व्हिजन प्रो वैयक्तिक ग्राहकांसाठी खुला असला, तरी किमतीने तो याच वर्गात जातो.

या यंत्रांची गाठ गडचांदूरशी पडते ती खाणीच्या मोजणीतून. गडचांदूरच्या परिसरात मोठे सिमेंट कारखाने आले ते १९८०च्या दशकात. गडचांदूरला माणिकगड सिमेंट आणि जवळच आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा कारखाना असे दोन प्रकल्प त्या दशकात उभे राहिले, पुढे उपरवाहीसारख्या गावांची भर पडली, आणि कारखान्यांची मालकी नंतरच्या काळात बदलत गेली. चुनखडीची खाण ही उघडी खाण असते. वरची माती व निरुपयोगी खडक, ज्याला खाणीवर ओबी म्हणतात, तो काढून पायऱ्यापायऱ्यांनी, म्हणजे बेंच पाडत, खाली उतरावे लागते, आणि प्रत्येक बेंचची उंची, रुंदी व उतार यांवर कामगाराचा जीव अवलंबून असतो. ही मोजणी प्रथम साखळी-टेपने आणि थिओडोलाइटने, मग प्रकाशकिरणाने अंतर मोजणाऱ्या टोटल स्टेशनने होत असे. दरम्यान ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर एक पुढे आणि एक मागे रोखलेले असे दोन कॅमेरे होते, ज्यांमुळे देशाच्या भूभागाची जोडचित्रे अंतराळातून मिळू लागली. परंतु खाणपट्ट्यांच्या संदर्भात निर्णायक ठरला तो नोव्हेंबर २०२१मधील नियमबदल. ज्यांचे क्षेत्र ५० हेक्टर किंवा अधिक आहे, अथवा ज्यांत वर्षाला दहा लाख टन किंवा अधिक उत्खननाची योजना आहे, अशा प्रमुख खनिजांच्या खाणपट्ट्यांच्या धारकांनी दरवर्षी पट्ट्याची आणि सीमेबाहेरच्या १०० मीटरपर्यंतच्या जागेची ड्रोनने पाहणी करून डिजिटल चित्रे भारतीय खाण ब्युरोकडे सादर करावीत, असे त्यात ठरले. या ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि सिमेंट कारखान्यांचे चुनखडीचे पट्टे सामान्यतः शेकडो हेक्टरांचे असल्याने ते या नियमात सहज येतात.

ड्रोनने शेकडो चित्रे एकमेकांवर चढतील अशी टिपायची आणि संगणकाने त्यांतील समान खुणा जुळवून खाणीची घन प्रतिकृती उभी करायची, ही पद्धत म्हणजे पुलफ्रिशच्या तरंगत्या ठिपक्याचेच स्वयंचलित रूप आहे. पूर्वी या कामासाठी प्रशिक्षित माणूस लागे, ज्याची दोन्ही डोळ्यांची खोलीदृष्टी तपासूनच नेमणूक होत असे. तो धंदा आता जवळजवळ संपला आहे. तयार झालेली प्रतिकृती हेडसेटमध्ये घालून पाहिली की खाण व्यवस्थापक कार्यालयात बसून बेंचच्या कडेवर उभा राहू शकतो, ढिगाऱ्याचा उतार पाहू शकतो आणि पुढच्या दहा वर्षांचा खड्डा आजच पाहू शकतो. येथवरचा इतिहास अजूनही टेबलामागच्या माणसाचाच आहे.

कामगाराच्या डोक्यावर हे यंत्र चढले ते प्रशिक्षणाच्या निमित्ताने. १९५२च्या खाण कायद्याखाली १९६६मध्ये व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम झाले, त्यांनुसार नव्या कामगारास कामावर घेण्यापूर्वी शिकवणे बंधनकारक झाले, तर त्याच कायद्याखालच्या वेगळ्या नियमांनी कोळशाच्या खाणींत ओव्हरमन व सरदार आणि चुनखडीसारख्या खाणींत फोरमन, मेट व ब्लास्टर अशा परवानाधारक पदांची उतरंड बसवली. शिकवण्याची साधने मात्र फळा, तक्ते, लाकडी नमुने आणि जुन्या कामगाराच्या मागे फिरणे एवढीच राहिली. यातील अडचण उघड आहे. सुरुंगाचा चुकलेला बार, कोसळणारा कडा, किंवा डंपरचालकाला कॅबिनमधून न दिसणाऱ्या जागेत उभा असलेला माणूस, या गोष्टी प्रत्यक्षात दाखवून शिकवता येत नाहीत आणि तक्त्यावर दाखवल्या तर त्यांची भीती बसत नाही. धनबादच्या आयआयटी (आयएसएम) या संस्थेने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या सिमटार्स या खाणसुरक्षा संस्थेच्या सहकार्याने उभारलेले आभासी खाण प्रशिक्षण केंद्र हा भारतातील या दिशेचा ठळक प्रयत्न होय. मुंबईची टेक्नोट्रोव्ह ही कंपनी डंपर आणि उत्खनन यंत्रांचे सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या कॅबिनसारख्या आसनावर बसून चालवायची नक्कलयंत्रे बनवते, तर ठाण्यात २०१४मध्ये सुरू झालेल्या अज्नालेन्स या कंपनीने भारतातच रचलेले हेडसेट संरक्षणदले आणि कौशल्यशिक्षण यांच्यासाठी पुढे आणले. महाराष्ट्रात अशा उपकरणाची मुळापासून रचना होणे ही लहान गोष्ट नाही, कारण परदेशी हेडसेटची किंमत एखाद्या कंत्राटी खाणकामगाराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतकी असते, आणि एवढे महाग साधन प्रशिक्षणवर्गातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर चढवण्यापेक्षा पाहुण्यांना दाखवण्यासाठी कपाटात ठेवण्याचा मोह कोणत्याही आस्थापनेला होऊ शकतो.

चंद्रपूरच्या संदर्भात काही अडचणी अगदी स्थानिक आहेत. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर व्हिजन प्रो वापरण्यासाठी सांगितलेली कमाल तापमानमर्यादा ३० अंश आहे; साहजिकच ज्या उष्णतेत आणि धुळीत काम करायचे, तिचा अनुभव वातानुकूलित खोलीतल्या सरावात येत नाही. भिंगांमधील अंतर वापरणाऱ्याच्या दोन बाहुल्यांमधील अंतराशी जुळवले नाही तर डोळे दुखतात. शिवाय दोन्ही डोळे जवळच्या वस्तूकडे वळतात पण त्यांना नजर मात्र ठरावीक अंतरावरच स्थिर ठेवावी लागते, या विसंगतीमुळे डोळे शिणतात; दिसणारी हालचाल शरीराला जाणवत नसल्याने काहींना मळमळते, आणि पहिल्याच दिवशी मळमळलेला शिकाऊ कामगार पुन्हा ते यंत्र घालायला तयार होत नाही. भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. गडचांदूर आणि शेजारच्या जिवती तालुक्याच्या पट्ट्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगू बोलली जाते, तर तयार मिळणाऱ्या प्रशिक्षणफितींतील सूचना बहुधा इंग्रजी-हिंदीत असतात. धोक्याची हाक ज्या भाषेत कानावर येते तिच्यावर प्रतिक्रियेचा वेग अवलंबून असतो हे प्रशिक्षकांना ठाऊक असते, पण खरेदीच्या अटींत तो मुद्दा अभावानेच येतो.

या इतिहासात आणखी एक प्रेक्षकवर्ग आहे, ज्याच्यापर्यंत खोली दाखवणारे कोणतेच यंत्र पोहोचलेले नाही. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीच्या मंजुरीपूर्वी बहुतांश बाबतीत जनसुनावणी घ्यावी लागते, ती राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, आणि प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक असते. हा सारांश कागदावर असतो, त्याला जोडलेला नकाशा सपाट असतो, आणि २०१५नंतर दिल्या जाणाऱ्या खाणपट्ट्यांची मुदत ५० वर्षांची असल्याने ज्या खड्ड्याविषयी गावकऱ्यांनी हरकत किंवा संमती द्यायची, तो पूर्ण रूपात त्यांच्यापैकी अनेकांच्या हयातीत दिसणारही नसतो. प्रकल्पकर्त्या कंपनीच्या संगणकात तोच खड्डा टप्प्याटप्प्याने, बेंचसह, पाण्याच्या पातळीसह आणि शेजारच्या शेतांपासूनच्या अंतरासह घनरूपात तयार असतो. ती प्रतिकृती सुनावणीच्या मांडवात, हेडसेटमध्ये किंवा साध्या पडद्यावर, दाखवावी असे अधिसूचनेत कोठेही म्हटलेले नाही.